माफ करण्यासारखं काही नाही

१४ मार्च

ही वही मराठीत लिहितेय, कारण या घरात मराठी वाचणारी मी एकटीच. माझा नवरा वकार हैदराबादचा, त्याचं सगळं उर्दूत. मुलं मला उत्तरसुद्धा इंग्रजीत देतात. अम्मा उर्दू शाळेची. दापोलीच्या मराठी शाळेत अब्बांनी मला हट्टाने घातलं होतं, त्याचा आज असा उपयोग.

मी टेस्टिंगवाली बाई. ओंटारियोतल्या कनाटात एका टेलिकॉम कंपनीत दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधून पगार घेते. तेव्हा आधी घटना नीट नोंदवते, रडणं नंतर. अम्मा गुडघ्यामुळे माझ्याकडे होती. अब्बा माझ्या धाकट्या भावाकडे, मुबीनकडे, चार-पाच तासांवरच्या वॉनला होते. फेब्रुवारीत तो त्यांना माझ्याकडे सोडायला निघाला. हायवे सातवर बर्फ पडायला लागलं, गाडी घसरली आणि समोरून येणाऱ्या ट्रकवर अब्बांच्या बाजूने आदळली. अब्बा जागच्या जागी गेले. मुबीनचा खांदा मोडला.

पोलिसांनी चौकशी केली. दारू नाही, हातात फोन नाही, स्पीड लिमिटच्या आत. केसच झाली नाही. विंटर टायर लाव म्हणून मी त्याला ऑक्टोबरात सांगितलं होतं, नोव्हेंबरात पुन्हा सांगितलं होतं. ‘या वीकेंडला लावतो, आपा.’ पण ओंटारियोत टायरची सक्ती नाही, म्हणजे तोही गुन्हा नाही. अपघात तो अपघात.

माझ्या मनात त्याच्याबद्दल काही नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते.

१७ मार्च

इफ्तारच्या आधी मुबीनचा फोन. आवाज असा की ऑफिसातून कुणी बोलावं. म्हणाला, “आपा, दापोलीच्या बागेच्या कागदांत वारस म्हणून माझं नाव घालू नको. मारणाऱ्याला वारसा मिळत नाही.”

मी म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं? मारणारा काय? त्यावर त्याने मला शांतपणे सगळं सांगितलं. आपण कोकणी लोक शाफई मजहबाचे, म्हणजे इस्लामी कायद्याच्या शाफई परंपरेचे, आणि शाफई फिकहमध्ये, त्या कायद्यात, चुकून जीव घेतलेला माणूससुद्धा त्या मयताचा वारस होत नाही. शिवाय त्याने कफ्फारा, प्रायश्चित्त, द्यायचा, म्हणजे दोन महिने सलग रोजे. एक जरी तुटला तरी पहिल्यापासून. आणि तिसरी गोष्ट दियत, रक्ताची भरपाई. ती मात्र वारसांचा हक्क. वारसांनी माफ केली तर माफ.

हे सगळं पोर इतके दिवस एकटं बसून वाचत होतं. शेवटी म्हणाला, “अम्मानं तिच्याकडून माफ केलं. तू करशील?”

मी म्हटलं, “अरे वेड्या, माफ करण्यासारखं काही नाहीच त्यात.”

त्याने खुदा हाफिज म्हणून फोन ठेवला. त्याला बरं वाटलं असावं.

२१ मार्च

माझ्या शेजारच्या डेस्कवर पुण्याची अक्षता बसते. आज लंचला ती जेवत होती आणि मी नुसती बसले होते, तेव्हा तिला सांगितलं. ती म्हणाली, पोलिसांनी सोडलं ना, मग हा स्वतःलाच का धरून बसलाय? अगदी माझ्या मनातलं बोलली. मी म्हटलं, बघ ना. त्याच्या हट्टामुळे बागेतला त्याचा हिस्सा आता आमच्या चाचांकडे जाणार. कायद्याचा नियमच तसा, मुलगा बाद झाला की उरलेलं मयताच्या भावाकडे. चाचांना त्याने मेसेज पाठवला तर त्यांनी लगेच व्हॉइस नोट पाठवून माफ केलं आणि बागेला कुंपण कधी घालायचं तेही विचारलं.

अक्षता हसली. मग म्हणाली, “तुझ्याकडे ईदला येतोय का तो?” मी म्हटलं, लांब पडतं, आणि गाडी तर तो आता चालवतच नाही. बसने इतक्या लांब कशाला दगदग. ती म्हणाली, हो का.

३१ मार्च

ईद झाली. अम्मा इद्दतीत आहे, अब्बा गेल्यापासून चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, म्हणून घरीच नमाज. तिने सांदणं केली आणि त्यातली निम्मी डब्यात भरून फ्रिजरला टाकली. मुबीनसाठी. दर शुक्रवारी विचारते, तो कधी यायचा. मी सांगते, रस्ते अजून खराब आहेत. खराब आहेतच. एप्रिलपर्यंत या देशाचा भरवसा नाही.

धाकटीने विचारलं, मामू आला तर तो आपल्याला पार्कला नेईल का. मी म्हटलं, बाबा नेतील.

२ एप्रिल

मुबीनने रोजे सुरू केले. म्हणजे आम्ही रमजान संपवून सकाळचा चहा पितोय आणि हा पुन्हा उपाशी. बकरी ईदच्या आत दोन महिने बसतात, असा हिशोब करून बसलाय. कामाला वेअरहाऊसमध्ये, दिवसभर पायावर. त्याची बायको तस्नीम फोनवर रडवेली झाली होती. मी तिला म्हटलं, मी बघते. मला अशा वेळी स्वस्थ बसवत नाही. प्रत्येक सिस्टिमला वर्कअराउंड असतो, शोधावा लागतो.

६ एप्रिल

शेख अब्दिनूरना भेटले. हे आमच्या मशिदीत रविवारी शिकवतात. सोमाली आहेत, आणि सोमाली लोक आपल्यासारखेच शाफई, त्यामुळे मुबीनला त्यांचं म्हणणं नाकारता येणार नाही, असा माझा डाव. मी प्रश्न फोनमध्ये टिपूनच नेले होते.

रोज्यांऐवजी गरिबांना जेवण दिलं तर? बाकी कफ्फाऱ्यांत चालतं, खुनाच्या कफ्फाऱ्यात शाफईंकडे चालत नाही. वारसा? आम्ही सगळ्यांनी माफ केलं तरी तो परत येत नाही. मी म्हटलं, मग मी माझ्या हिश्श्यातून त्याला बक्षीस दिलं तर? शेख म्हणाले, खुशाल द्या, तुमचं आहे. तेवढ्यावर मी खूश होऊन उठत होते, तर त्यांनी विचारलं, आणि दियत तुम्ही सोडली का?

मी म्हटलं, शेख, आमच्यात तसलं काही नाही. मी भावाला सांगितलंय की माफ करण्यासारखं काही नाहीच.

ते म्हणाले, “कुराणात आहे की वारसांनी ती सोडली तर तो सदका, दान. बहीण, रिकामा हात पुढे करून दान कसं देणार?”

मला हे धार्मिक लोकांचं गोल गोल बोलणं कळत नाही. विचारलं एक, उत्तर भलतंच. थँक यू म्हणून आले.

१९ एप्रिल

लाँग वीकेंडला मॉन्ट्रियलला गेलो. वकारला सांगितलं, मुलांना मेट्रो दाखवू. खरं काम वेगळं होतं. तिथे एक मोरोक्कन आलिम, धर्मपंडित, आहेत, मालिकी या दुसऱ्या मजहबाचे. मालिकींकडे चुकून मारणारा वारस होतो, फक्त दियतीतून त्याला काही मिळत नाही. मी पुस्तक उघडून पान दाखवायला लावलं आणि फोटो काढला. त्यांचं फ्रेंच अर्धं वकारने ओढलं, अर्धं माझ्या मुलीने, शाळेतल्या फ्रेंचच्या जोरावर. बिचारीला कळेना आपण कशाचं भाषांतर करतोय.

हॉटेलवरून मुबीनला फोटो पाठवला. वाटलं, आता सुटेल. त्याने फोन केला.

“आपा, शिक्षा चुकवायला मजहब बदलू?”

मी चिडले. म्हटलं, शिक्षा कुठली, कुणी दिली तुला? तो म्हणाला, “कुणी दिली नाही, तोच तर घोळ आहे. तो रस्ता क्युबेकमध्ये असता तर टायरसाठी दंड तरी झाला असता.” आणि हसला. मी कामाचं काही तरी सांगून फोन ठेवला.

वकार म्हणाला, तू त्याला एकदा घरी का बोलावत नाहीस. मी म्हटलं, याच्यासाठी मी मॉन्ट्रियलपर्यंत आले, अजून काय करू? खरंच, अजून काय करायचं माणसाने?

३ मे

अम्मा आज विचित्र बोलली. मी तिच्या गुडघ्याला तेल लावत होते. म्हणाली, तुझा आवाज मुबीनशी बोलताना फार गोड होतो. मी म्हटलं, मग चांगलंच की. ती म्हणाली, लहानपणी तू त्याला बदडायचीस. मी म्हटलं, आता काय बदडू? तिने पाय ओढून घेतला. दुखलं असेल.

१५ मे

तस्नीमचा फोन ऑफिसात. मुबीन कामावर कोसळला. वेअरहाऊसमध्ये गरम होत होतं, त्यात पाणी नाही. हॉस्पिटलमध्ये ड्रिप लावली. किडनीला ताण आलाय, डॉक्टरने बजावलंय की पुन्हा असं झालं तर परिणाम वाईट होतील. आणि रोजा तुटला. दोन महिन्यांतले पंधराएक राहिले होते.

मी शेखना फोन केला. बाकी मजहबांत आजारपणाने सलगपणा मोडत नाही म्हणतात, आपल्यात? आपल्यात मोडतो. पुन्हा पहिल्यापासून. पण त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि मी अक्षरशः खुर्चीतून उठले. चुकून झालेल्या खुनाचा कफ्फारा लगेच द्यायची घाई नाही. आजारी माणसाने थांबावं. रोजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ठेवावेत, तेव्हा इथला दिवस केवढासा. अगदी शाफई उत्तर, कुठल्या पळवाटा नाहीत.

मुबीनला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, बकरी ईद झाली की जूनमध्ये सुरू करतो.

जूनमध्ये. पहाटे साडेतीनपासून रात्री नऊपर्यंत. मी फोनवर ओरडले, शेख काय बोलले ते कळलं का तुला? तो म्हणाला, “कळलं. तेवढं थांबायला काहीतरी आधार लागतो, आपा. माझ्याकडे नाही.” आधार म्हणजे काय ते सांगेना.

११ जून

सुरू केले त्याने. तस्नीम म्हणते, आपा, तुमचं ऐकेल तो. माझं काय ऐकतोय? मी सगळं करून झाले. डॉक्टरला फोन केला, त्याच्या मॅनेजरला मेल लिहिली, बागेचा माझा हिस्सा त्याच्या नावे करते म्हटलं. त्यावर म्हणाला, नको, तू फार करतेस. मी फार करते हे खरंच आहे. तरी हा माणूस मरायला निघालाय आणि मला त्याचं कारण कळत नाही. अब्बा गेले. आता हा. अम्माला मी काय तोंड दाखवू?

२२ जून

अम्माची इद्दत संपली. तिने पहिली गोष्ट सांगितली, मला मुबीनकडे घेऊन चल. मी हायवे सातने गेले नाही, ४०१ ने फिरून गेले. अम्माला कारण विचारावं लागलं नाही.

मुबीनला पाहून मी हबकले. गालाची हाडं वर आलेली, शर्ट खांद्यावरून उतरतोय. माझ्या लग्नात हा माझ्या गाडीमागे पळाला होता तेव्हा गुबगुबीत होता. अम्माने त्याला जवळ घेतलं आणि दोघं नुसते बसून राहिले. मग ती आतल्या खोलीत आडवी झाली, तस्नीम भाजीला गेली. स्वयंपाकघरात मी आणि तो. बाहेर भरदुपारचं ऊन, आणि याचे ओठ फुटलेले.

मी पुन्हा सुरू केलं. नोव्हेंबर, किडनी, शेख. तो ऐकत होता. मी म्हटलं, अम्मानं माफ केलं, चाचांनी माफ केलं, अजून काय हवंय तुला?

म्हणाला, “अम्मानं कसं माफ केलं सांगू? तिनं आधी विचारलं, गाडी तूच चालवत होतास ना. मी हो म्हटलं. टायर लावले नव्हतेस ना. हो म्हटलं. मग ती खूप रडली, मला नको नको ते बोलली. आणि मग म्हणाली, माफ केलं. तू मला एक शब्दसुद्धा बोलली नाहीस, आपा. पहिल्या दिवसापासून तुझं एकच. काही नाहीच त्यात. म्हणजे अब्बा कुणाच्याच हातून गेले नाहीत. मग रोज रात्री मला जे दिसतं, ते कुणाच्या हातून होतं?”

मी म्हटलं, तुला वाईट वाटू नये म्हणून मी...

“तू मुलांना माझ्याजवळ येऊ देत नाहीस.”

त्यानंतर काय झालं मला नीट आठवत नाही, म्हणून आठवतंय तेवढं लिहिते. मी उभी राहिले. हातात कसला तरी टॉवेल होता, तो मी ओट्यावर आपटला. मी म्हटलं, तुला सांगितलं होतं मी. दोनदा सांगितलं होतं. एका शनिवारचं काम होतं ते, दोन तासांचं, आणि तू लोळत पडला असशील. माझा बाप तुझ्या आळसाने मेला. तू मारलंस अब्बांना, मुबीन. तू. आणि मला तुझं तोंड बघवत नाही, महिनोन् महिने बघवलं नाही, म्हणून मी तुला ईदला बोलावलं नाही.

आतल्या खोलीत अम्मा जागी असणार. ती बाहेर आली नाही.

मुबीन खुर्चीवर बसला. मला वाटलं आता हा कोसळतो. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा असा सैल पडला, जसा तापातून उठलेल्या माणसाचा पडतो. म्हणाला, “हां. मीच.” मग डोळे पुसून म्हणाला, “आता तुला माफ करता येईल. किंवा नाही करता येणार. घाई नाही.”

मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. शेखचा रिकामा हात आता कळला. माझा हात रिकामा नव्हता. मुठीत सगळं होतं आणि मी जगाला सांगत फिरत होते की काही नाही.

मी माफ केलं नाही. संध्याकाळी अम्माला तिथेच ठेवून परत निघाले, तरी केलं नाही. माझ्यासाठी हा शब्द एवढा महाग आहे हे मला माहीतच नव्हतं.

२५ जून

तीन दिवस कामात लक्ष नाही. रोज प्रयत्न करते. गाडीत, सिग्नलला, मोठ्याने. शब्द घशापर्यंत येतो आणि अब्बांचा चेहरा समोर येतो, चहा बशीत ओतून फुंकर मारणारे अब्बा, आणि मी पुन्हा तापते. तस्नीमने मेसेज केला, आज तो उभा राहताना भिंतीला धरत होता. रोजा सोडला का विचारलं तर नाही.

त्याला वाचवायला म्हणून म्हटलं तर ते खोटं होईल आणि त्याला लगेच कळेल. लहानपणापासून त्याला माझं खोटं कळतं. अम्माला फोन करून विचारलं, तुला कसं जमलं. ती म्हणाली, जमलं कुठे, रोज करते.

२८ जून

आज सुट्टी. जेवणं झाल्यावर वकार मुलांना घेऊन तलावावर गेला. घर रिकामं. मी मुबीनला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

त्याने उचलला. मी म्हटलं, गाडी तू चालवत होतास. तो म्हणाला, हो. अब्बा तुझ्या हातून गेले. हो. मला अजून राग आहे, मुबीन, उद्याही असेल. हो, आपा. मला रडायला यायला लागलं, तरी मी थांबले नाही. म्हटलं, ते सगळं आहे, आणि त्याच्यासकट मी तुझ्यावरचा माझा हक्क सोडला. माफ केलं.

मी फोन कानाला धरून बसले. मग तो म्हणाला, “पुन्हा म्हण.”

मी पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं, पण म्हटलं.

त्याने फोन बंद केला नाही. कुठेतरी ठेवला असावा. त्याचा श्वास ऐकू येत होता, मग खुर्ची सरकल्याचा आवाज. बाहेर लख्ख दुपार होती, सूर्य मावळायला अजून कितीतरी तास. त्याने तस्नीमला हाक मारली आणि म्हणाला, पाणी आण.